होडी किती लांब होती

आमच्या चँडलरमध्ये मार्च आला की संत्र्याची झाडं फुलतात आणि मला शिंका सुरू होतात. मी नागपूरचा. नागपूरच्या माणसाला संत्र्याच्या फुलांची ॲलर्जी असावी, यापरती नामुष्की नाही. त्यामुळे ही गोष्ट मी इथे कुणाला सांगत नाही. ‘डस्ट आहे’ म्हणतो, आणि ॲरिझोनात धुळीवर कुणी शंका घेत नाही. पण आज सकाळी ऑफिसला जाताना गाडीची काच खाली केली, तो गोड, जरा जड वास आत आला, आणि शिंकेच्या आधी मला भलताच वास आठवला. वाळत घातलेल्या मासळीचा. दोन वर्षांपूर्वीचा मार्च, व्हिएतनामचा किनारा, पाठीवर भली मोठी पिशवी घेऊन वाळूतून चाललेली माझी बायको आणि तिच्या दहा पावलं मागे धापा टाकणारा मी.

त्या मार्चमध्ये शुभदाला पन्नास वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “मला समुद्रात पोहायचंय. पाय टेकतात तिथे नाही हं. किनाऱ्यापासून लांब एखादी होडी नांगरलेली असते ना, तिला हात लावून परत यायचंय.” एवढंच. दागिना मागितला असता, मोठी पार्टी मागितली असती, तर मी हसत हसत उभी केली असती. हे मात्र माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. मला स्वतःला पोहता येत नाही. पाण्याशी माझा संबंध पिण्याचा आणि अंघोळीचा.

शुभदा वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातली. त्यांच्या परसदारातून समुद्र दिसतो. दिसतो काय, पावसाळ्यात तो जवळजवळ घरात येतो. तिचे दोन्ही भाऊ शाळेतून आले की दप्तरं फेकून पाण्यात. ही वाळूत बसून त्यांचे सदरे आणि चपला राखायची. “ओल्या कपड्यानं मुलगी गावातनं घरी येणार कशी?” हा तिच्या आईचा सवाल होता आणि त्या काळी त्या गावात त्याला उत्तर नव्हतं. सासूबाई दुष्ट नव्हत्या, नाहीत; हिला अजून ‘चेडू’, म्हणजे पोर, म्हणतात. त्यांनी फक्त अडचण सांगितली आणि ती अडचण चाळीस वर्षं टिकली. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा मी हिला म्हटलं, “वा, तुला तर मस्त पोहता येत असेल!” ती खाली बघून पायानं वाळू उकरत राहिली. मला वाटलं, नव्या नवरीचा लाजाळूपणा. मला बऱ्याच गोष्टी उशिरा कळतात.

मग आम्ही आलो ते थेट वाळवंटात. गंमत म्हणजे समुद्राकाठी जे मिळालं नाही ते या वाळवंटात घरोघरी होतं. चँडलरमध्ये परसात पूल नसेल तर कॉलनीचा असतो, आणि उन्हाळ्यात पोरांचे सगळे वाढदिवस पूलवरच होतात. आमच्या मंडळातल्या काकू पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर ओळीनं बसतात, पाण्यात पाय सोडून. मध्ये पावभाजीचा ट्रे. शुभदा त्या ओळीत अठरा वर्षं बसली. आमची इरा आठवीपासून पोहण्याच्या टीममध्ये होती, पुढे दोन उन्हाळे सिटीच्या पूलवर लाइफगार्डही झाली. लोकांची पोरं बुडू नयेत म्हणून उंच खुर्चीवर शिट्टी घेऊन बसायची आणि तिची आई खाली पाय भिजवत बसायची. “आई, आय कॅन टीच यू, इट्स नॉट दॅट हार्ड,” असं इरा शंभरदा म्हणाली असेल. शुभदा हसून टाळायची. मला एकदा म्हणाली, “पोटच्या पोरीसमोर नाकातोंडात पाणी जायला नको वाटतं रे.”

इरा कॉलेजला गेली. घर रिकामं झालं आणि त्या पहिल्याच उन्हाळ्यात बाईसाहेबांनी मला न विचारता सिटीच्या पूलमध्ये मोठ्यांच्या बिगिनर क्लासला नाव घातलं. शिकवायला एक सत्तरीच्या अमेरिकन बाई होत्या. त्या म्हणे पहिले चार दिवस फक्त पाण्यात तोंड घालून फुगे काढायला लावायच्या. पन्नाशीला टेकलेली, ऑफिसात आठ माणसांची टीम चालवणारी माझी बायको घरी येऊन वॉशबेसिनमध्ये पाणी भरायची आणि त्यात फुगे काढायची. मी दाराशी उभा राहून हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते. ऑक्टोबरपर्यंत ती न थांबता चाळीस फेऱ्या मारायला लागली होती.

पण पूल म्हणजे पूल. तळाला निळी रेघ, काठाला दांडा. “यात भीतीच नाहीये, मिलिंद,” ती म्हणायची. “पुस्तक उघडं ठेवून परीक्षा दिल्यासारखं वाटतं.”

व्हिएतनाम इराने सुचवलं. तिच्या रूममेटची आजी तिथली. मार्चमध्ये मधल्या पट्ट्यात ऊन असतं, समुद्र शांत असतो, लोक बरे असतात, असं सांगितलं. “बट यू हॅव टू बॅकपॅक. नो टूर बस प्लीज. विथ बाबा? ओ माय गॉड, गुड लक,” असंही म्हणाली. आता हे बॅकपॅकिंग आमच्या कुळात कुणी केलेलं नाही. व्हिसाच्या वर्षांत तर सुट्टी म्हणजे इंडिया, आणि इंडिया म्हणजे तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा, काट्यावर दोनदा तोललेल्या. वीस वर्षांत आम्ही प्रवास पुष्कळ केला, पण फिरलो असं कधी झालं नाही. कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, व्हिसा स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट. कुणीही वाट बघत नाही अशा ठिकाणी जायचं म्हटल्यावर मला जरा बेवारशीच वाटलं.

त्यामुळे आम्ही आमच्यासारख्यांनीच करावी अशी चूक केली. पाठीवरच्या पिशव्या इंडिया-ट्रिपच्या हातानं भरल्या. जागा दिसली की भर! मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, दोन किलो पोहे, गोडा मसाला, चहापत्ती, आणि सगळ्यावर कडी म्हणजे छोटा इलेक्ट्रिक कुकर. मी काटा लावून बघितलं, सोळा किलो. “अलाउन्स तेवीसचा आहे, सात किलो वाया चाललंय,” असं मी खरोखर बोललो. ही पिशवी विमान उचलणार नसून आपण उचलणार आहोत, हे दा नांग शहराच्या दक्षिणेला पहिल्या दोन मैलांत वाळूनं समजावलं. तिसऱ्या दिवशी आम्ही तो कुकर, पोहे आणि मसाला एका खानावळवाल्या बाईंना देऊन टाकला. त्यांनी आम्हाला बदल्यात तांदळाच्या शेवया दिल्या आणि गोडा मसाल्याचा वास घेऊन माझ्यासारखीच सणसणीत शिंक दिली.

हे सगळं आठवलं की हसू येतं. पण त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं.

किनारा सुंदर होता. इराने पाठवलेला नारिंगी फुगा शुभदाने कमरेला बांधला. पोहणाऱ्याच्या मागे तरंगत राहतो आणि दमलं तर धरता येतो, तसला. ती छातीभर पाण्यात गेली. मी काठावरून ‘जपून, जपून’ करत होतो. एक लाट आली, फार मोठीही नाही, पण नेमकी श्वास घेताना आली. शुभदा पाण्याखाली गेली, ठसकत वर आली, आणि वळून सरळ बाहेर चालत आली. डोळे लाल. कमरेचा फुगा सोडून वाळूत टाकला. त्या संध्याकाळी शेवयांचे दोन वाडगे खाल्ले आणि लवकर झोपली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. सुटलो, असं वाटलं होतं. नवरा म्हणून ही काही मिरवण्याची गोष्ट नाही, पण लिहायलाच बसलोय तर लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी, क्वी न्योनला, निघालेल्या बसमध्ये मी विषय काढला. “झालं ना आता? ट्राय केलंस ना? आता जरा रिलॅक्स होऊ यार, देवळं-बिवळं बघू.”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मिलिंद, मी ड्राइव्हिंग शिकले तेव्हा तू बाजूला बसून पाय दाबायचास. तिकडे ब्रेक नव्हता, तरी दाबायचास. आठवतं?”

“मग? काळजी वाटते माणसाला.”

“आईला काळजी वाटायची. दादाला वाटायची. तुला वाटते. सगळ्यांना माझी काळजीच वाटते. मला एकदा कुणीतरी नुसतं ‘जा’ म्हण. जपून नको. फक्त जा.”

बसमध्ये मोठ्यानं व्हिएतनामी गाणी लागली होती. मी समोरच्या सीटच्या दांड्यावर रेटलेला पाय हळूच मागे घेतला. 

क्वी न्योनच्या लोकांची एक रीत आहे, ती मी अजून इथल्या मित्रांना सांगतो. पहाटे पाच वाजता अर्धं गाव समुद्रात असतं. तरणी मुलं कमी, आज्या जास्त. फुलाफुलांचे ढगळे सदरे-पायजमे घातलेल्या, डोक्याला टोप्या, गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या राहून खुशाल गप्पा. जणू कुणाच्या ओट्यावर जमल्यात. मध्येच एखादी पाठीवर तरंगते, चार हात मारते, परत येऊन गप्पांत सामील होते. मग सहाच्या सुमारास सगळ्या ओल्या कपड्यांनी, पायांत सपाता घालून, रस्ता ओलांडून आपापल्या घरी जातात. वाटेत भाजी घेतात. कुणी वळूनही बघत नाही.

शुभदा पहिल्या दिवशी हे नुसतं बघत उभी राहिली. पाणी ठिबकत चाललेल्या एका बाईंकडे ती इतका वेळ बघत होती की त्या बाई हसल्या. “बघ ना,” ती मला म्हणाली, “एवढं सोपं होतं.”  दुसऱ्या पहाटे त्यातल्याच एका आजींनी पाण्यातून हात हलवून तिला बोलावलं आणि ती अंगातल्या कुर्ता-पायजम्यासकट आत गेली. त्यांच्या घोळक्यात, छातीभर पाण्यात. लाट आली की आज्या किंचित उडी मारायच्या. हीही मारायला लागली. चौथ्या पहाटे तिनं तिथे पाय सोडले आणि पाठीवर तरंगली. मी काठावर कॉफी घेऊन बसलो होतो. त्या चार दिवसांत मी एकदाही ‘जपून’ म्हटलं नाही. फार जड गेलं.

चँडलरच्या पूलवर आता शुभदा रोज सकाळी साडेपाचला जाते. परवा मंडळातल्या एक काकू मला दुकानात भेटल्या आणि म्हणाल्या, “शुभदानं आम्हाला पण क्लासला घातलंय हो, आमचे फुगे चालू आहेत!” साठीच्या बाई, हातात कोथिंबिरीची जुडी, आणि चेहरा शाळेच्या गॅदरिंगमध्ये बक्षीस मिळाल्यासारखा. मी म्हटलं, “चार दिवसच फुगे, काकू. मग मजा आहे.” असं मी म्हणालो, ज्याला अजून वॉशबेसिनमध्येही तोंड घालायचा धीर होत नाही.

तर, क्वी न्योनच्या दक्षिणेला, दोन बस बदलून आणि पुढे तासभर चालून, आम्ही कोळ्यांच्या एका लहानशा वस्तीवर पोचलो. वाटेवर बांबूच्या चटयांवर मासळी वाळत घातलेली. मी नाकाला रुमाल लावला. मटणाच्या रश्श्यावर वाढलेला माणूस मी, मला हा वास कधी झेपला नाही. शुभदा मात्र खोल श्वास घेत चालली होती आणि प्रत्येक चटईपाशी थांबून “ही मोतकं दिसतात, हे बांगड्याचेच कुणीतरी” असं नातेवाईक ओळखावेत तसं ओळखत होती. सोळा किलोची पिशवी आता नऊवर आली होती आणि तिची चाल बदलली होती. मी अजून धापा टाकतच होतो.

उतरलो ते लान नावाच्या बाईंकडे. वर दोन खोल्या पाहुण्यांना, खाली स्वयंपाक. तिथे बाईला ‘को लान’ म्हणतात, म्हणजे लान मावशीच. शुभदाने लगेच ‘लान मावशी’ करून टाकलं. भाषा एकमेकींची शून्य. फोनवरच्या ट्रान्सलेटरवर काम चालायचं, नाहीतर हातवाऱ्यांवर. समोर काठाशी उथळ, शांत खाडी. त्यात किनाऱ्यापाशी टोपल्यांसारख्या गोल होड्या आणि बरीच पुढे एक निळी मोठी होडी नांगरलेली. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन डोळे रंगवलेले. इकडेच बघत होती. शुभदाही तिच्याकडे बघत होती. मला काय ते कळलं.

लान मावशींना शुभदाने फोनवर विचारलं, तिथपर्यंत पाणी कसं आहे? त्यांनी हात हलवून सांगितलं, सकाळी सपाट, काही नाही. त्यांचे यजमान सकाळी जाळी सोडवत गोल होडीत बसलेले असतात, त्यांना सांगून ठेवते, असंही फोन म्हणाला.

सकाळी साडेसहा. पाणी खरंच ताटलीसारखं. शुभदाने नारिंगी फुगा बांधला, चष्मा चढवला, आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी ‘जपून’ गिळलं आणि म्हणालो, “जा.”

ती गेली. वीस हात, तीस हात. हात संथ पडत होते, त्या सत्तरीच्या बाईंनी शिकवले असतील तसेच. मी फोन काढला, व्हिडिओ सुरू केला. इरासाठी, भावांसाठी, साऱ्या जगासाठी. नारिंगी ठिपका लहान होत गेला. गोल होड्यांच्या पलीकडे गेला. तिथे पाण्याचा रंग बदलत होता, हिरव्याचा निळा होत होता, आणि ती त्या निळ्यात शिरली.  मी ओरडायला लागलो. काय ओरडलो ते तेव्हा मला कळलंही नाही. मी गुडघाभर पाण्यात गेलो, तिथून पुढे जाता येईना, म्हणून आणखी मोठ्यानं ओरडलो. मागून लान मावशी आल्या, माझा दंड धरला, बाहेर ओढून मला वाळूत बसवलं आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी माझ्या हातात कोंबली. खा, अशी खूण केली. मी खाल्ले. दुसरं काय करणार?

मग नारिंगी ठिपका निळ्या होडीला चिकटला. हात वर आला. होडीवर थाप मारल्याचा आवाज पाण्यावरून आला की मला भास झाला, ठाऊक नाही. लान मावशी टाळ्या वाजवायला लागल्या. मी रडत होतो. पन्नाशीचा माणूस, तोंडात शेंगदाणे, आणि रडतोय. माझी बायको तिथे होती, खोल पाण्यात, कुणीही धरलेलं नसताना. इतका अभिमान मला इराच्या ग्रॅज्युएशनला वाटला नाही, माझ्या कुठल्या प्रमोशनला तर नाहीच नाही. त्यात माझं काडीचंही काम नव्हतं, म्हणून बहुधा तो इतका निखळ होता.

ती सावकाश परत आली. शेवटी पाय टेकले तेव्हा अडखळली. मी टॉवेल घेऊन धावलो. ती धापा टाकत हसली आणि म्हणाली, “तुझा आवाज येत होता रे. सगळा ऐकू येत होता.”

“मग वळली का नाहीस?”

“वळायचं नव्हतं,” ती म्हणाली, आणि ओल्या कपड्यांनी, पायवाटेवर पाणी ठिबकवत, सगळ्या वस्तीसमोरून लान मावशींच्या घराकडे चालायला लागली.

चहा घेताना आम्ही व्हिडिओ उघडला. दीड मिनिटाचा. पहिले दहा सेकंद शुभदाची पाठ. पुढे वाळू, माझा अंगठा, आकाश, पुन्हा वाळू. समुद्र नाही, होडी नाही, नारिंगी ठिपका नाही. फक्त माझा आवाज: “शुभदा, पुरे! पुरे गं! परत ये! अगं ए, कुठे चाललीस, परत ये ना बाप्पा!” शेवटी शेवटी तर आवाज पार फाटलेला. तिच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या सकाळचा एकमेव पुरावा, आणि तो मी असा वाया घालवलेला. मला तोंड वर करवेना. शुभदा मात्र हसून हसून लोळली आणि तिनं तो तस्साच फॅमिली ग्रुपवर टाकून दिला.

तासाभरानं वेंगुर्ल्याहून व्हिडिओ कॉल आला. तिच्या धाकट्या भावानं फोन सासूबाईंसमोर धरला होता. सासूबाई ऐंशीच्या पुढे, मागे परसदार उघडं. शुभदाचे केस अजून ओले. भाऊ चिडवायला लागला, “काय गं, पोहलीस म्हणे? व्हिडिओत तर नुसती वाळू दिसते. होडी किती लांब होती, सांग तरी. खोटं नको बोलू.”

शुभदा काही सांगणार, तेवढ्यात सासूबाईंनी त्याला हातानं गप्प केलं. मी फोनच्या बाजूला बसलोय हे त्यांना दिसत नव्हतं.

“मेल्या, कान असत मा तुका?” त्या मुलाला मालवणीत म्हणाल्या. “जावय इतके बोंबलतत, म्हणजे माझा चेडू खूप लांब गेला असतला.”

मग त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.